जुन्या जीपचे ब्रेक सुधारताना: डिस्क सगळ्यात शेवटी

जुनी जीप दारात आली की पहिला खर्च टायरवर होतो, दुसरा बंपरवर, तिसरा दिव्यांवर. ब्रेकची आठवण येते ती पहिल्यांदा भरल्या गाडीने घाट उतरताना. माझंही तेच झालं. डिझेल एमएम ५४० (महिंद्राची जीप), मागे चौघं आणि सामान, पावसाळा नुकताच सरलेला, वरंधा घाटातून महाडकडे. निम्म्या उतारावर पेडल मऊ पडलं, मग दोनदा पंप मारल्याशिवाय धरेना. गाडी दुसऱ्या गिअरात टाकून कडेला घेतली आणि अर्धा तास दगडावर बसून राहिलो. मागच्यांपैकी एकजण बाटलीतलं पाणी ब्रेकच्या ड्रमवर (चाकाबरोबर फिरणाऱ्या बिडाच्या डब्यावर) ओतायला निघाला होता, त्याला वेळेत अडवलं. तापलेल्या बिडावर गार पाणी म्हणजे तडा.

पुण्याला आल्यावर मेस्त्रींना विचारलं, पुढच्या चाकांना ड्रमऐवजी डिस्क (उघडी फिरणारी तबकडी) बसवायला किती खर्च येईल? ते म्हणाले, "आधी आहेत ते ब्रेक तरी बघू द्या." चारही ड्रम उघडले. एका चाकाचा लायनर (ड्रमला आतून घासणाऱ्या शूवरचं अस्तर) रिव्हेटपर्यंत झिजलेला, दुसऱ्यावर ॲक्सलचं ऑईल गळून चिकटलेलं, तिसऱ्याच्या व्हील सिलिंडरचा (द्रवाच्या दाबाने शू ड्रमवर ढकलणाऱ्या सिलिंडरचा) पिस्टन गंजून बसलेला. म्हणजे मी एका चाकाच्या ब्रेकवर घाट उतरत होतो आणि दोष ड्रमला देत होतो.

म्हणून या लेखातला क्रम तसा आहे: आधी आहे ते नीट करणं, मग दुहेरी सर्किट (पुढच्या आणि मागच्या चाकांना ब्रेकच्या वेगळ्या लाइन), मग बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा), आणि डिस्क सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात.

आधी गाडीत काय आहे ते बघा

महिंद्राने १९४७ पासून विलीस (मूळची अमेरिकन जीप) घराण्याच्या जीप जोडायला घेतल्या, आणि तेव्हापासूनच्या गाड्या आज रस्त्यावर आहेत. पण त्या जशा बाहेर पडल्या तशा क्वचितच उरल्यात. ॲक्सल एका गाडीचा, गिअरबॉक्स दुसरीचा, इंजिन तिसरीचं हा आपल्याकडचा सर्रास प्रकार. त्यामुळे "अमुक मॉडेलचं किट द्या" म्हणून दुकानात जाऊ नका. चाकं काढा, ड्रमचा आतला व्यास मोजा (जुन्या सीजे मॉडेलच्या गाड्यांत तो ९ इंच असतो, नंतरच्या जड गाड्यांत ११), शूची रुंदी मोजा, व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर (पेडलने द्रव ढकलणारा मुख्य सिलिंडर) यांचे बोअर, म्हणजे आतले व्यास, मोजा, आणि सगळं वहीत लिहा. फोटोही काढून ठेवा. स्प्रिंगा कुठल्या भोकात होत्या हे संध्याकाळी कुणालाच आठवत नाही.

चाक उचलण्याआधी एक गोष्ट, कारण इथे माणसं चिरडतात. विलीस पद्धतीच्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलना ताकद वाटणाऱ्या डब्याच्या) मागे, प्रोपेलर शाफ्टवर (ॲक्सलकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्यावर) असतो. मागचं एक चाक जॅकवर उचललंत की डिफरेन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरांमुळे) ते हवेतलं चाक उलटं फिरू शकतं, आणि शाफ्ट पक्का धरलेला असूनही जमिनीवरचं चाक घरंगळतं. हँडब्रेक ओढलेला आणि गाडी चाललेली! तेव्हा दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावा, आणि जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका, स्टँड लावा.

जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं. हवेच्या पाइपाने ड्रम फुंकायची आपल्याकडे पद्धत आहे, ती इथे मोडा. ओल्या फडक्याने पुसा, तोंडाला मास्क लावा.

पायरी पहिली: आहे ते नवं करा

यात नावीन्य काही नाही, पण निम्म्याहून जास्त फरक इथेच पडतो.

ड्रम लेथवाल्याकडे न्या. कडा पडली असेल किंवा ड्रम लंबगोल झाला असेल तर फिरवून सरळ करता येतो, पण किती मोठा चालेल याला मर्यादा असते. साधारण नियम असा की मूळ व्यासापेक्षा दीड मिलिमीटरच्या पुढे गेलेला ड्रम भंगारात. पातळ ड्रम तापला की फुगतो, शूपासून लांब जातो, पेडल खोल जातं. एका ॲक्सलचे दोन्ही ड्रम एकाच मापाचे करून घ्या, नाहीतर ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते.

लायनर तेलाने भिजला असेल तर तो पेट्रोलने धुऊन किंवा जाळून परत वापरायचा सल्ला मिळेल. ऐकू नका. आणि नवा लायनर लावण्याआधी तेल कुठून आलं ते शोधा. ॲक्सलची सील बदलली नाही तर महिनाभरात नवा लायनरही तसाच होईल.

व्हील सिलिंडर आतून बोटाने चाचपा. खड्डे लागले तर रबर किट टाकून उपयोग नाही, सिलिंडरच नवा घ्या. रबरं धुवायला पेट्रोल, डिझेल, रॉकेल काहीही वापरायचं नाही. ती फुगतात आणि बोअरमध्ये अडकतात. धुवायला ब्रेकचंच द्रव वापरा.

त्या द्रवाला आपण "ब्रेक ऑईल" म्हणतो आणि या नावाने बरंच नुकसान केलंय. ते ऑईल नाही. कुणीतरी खरंच इंजिन ऑईल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑईल ओततो आणि मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांपर्यंत एकूणएक रबर निकामी होतं. डॉट ३ किंवा डॉट ४ असं लिहिलेली सीलबंद बाटली घ्या. डॉट ३ नवं असताना २०५ अंश सेल्सिअसच्या वर उकळतं, डॉट ४ २३० च्या वर. पण दोन्ही हवेतली वाफ शोषतात. मुरलेलं डॉट ३ १४० अंशांनाही उकळू शकतं, डॉट ४ १५५ ला. कोकणात राहणाऱ्याने हे आकडे दोनदा वाचावेत. शेल्फवर गेल्या वर्षी उघडलेली अर्धी बाटली गाडीत ओतू नका. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते या दोघांत मिसळत नाही. डॉट ५.१ हे नाव जवळचं असलं तरी ते वेगळं, डॉट ४ च्या जातकुळीतलं.

शूची ॲडजस्टमेंट या जुन्या ब्रेकमध्ये आपोआप होत नाही. मागच्या प्लेटवरचे एक्सेंट्रिक बोल्ट फिरवून शू ड्रमला टेकवायचा, मग चाक मोकळं फिरेल इतकाच मागे घ्यायचा. लायनर झिजेल तसं हे परत परत करावं लागतं. "ब्रेक खाली गेलाय" अशी तक्रार असलेल्या जीपमध्ये बऱ्याचदा एवढंच बाकी असतं.

आणि पेडलला मोकळी चाल ठेवा, अर्धा इंच. ती कमी केली की पेडल टणक वाटतं म्हणून लोक ती काढून टाकतात. मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक छिद्र असतं. पाय काढल्यावर, तापून फुगलेलं द्रव त्यातून टाकीत परत जातं. चाल नसेल तर पिस्टन ते छिद्र झाकून बसतो, दाब कोंडतो, आणि पाच-दहा किलोमीटरनंतर ब्रेक आपोआप लागून चाकं जाम होतात.

पायरी दुसरी: दुहेरी सर्किट

माझ्या हातात एकाच बदलाचे पैसे असते तर मी इथे घातले असते.

जुन्या जीपमध्ये मास्टर सिलिंडरमधून एकच लाइन निघते आणि चारही चाकांना जाते. एक पाइप दगडावर घासून फुटला, एक रबर फाटलं, की चारही चाकांचा ब्रेक एकदम गेला. अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना दुहेरी सर्किट सक्तीचं झालं ते याचसाठी. दुहेरी, म्हणजे टँडम मास्टर सिलिंडरमध्ये एकामागे एक दोन पिस्टन असतात. एक पुढच्या चाकांना, दुसरा मागच्या. एक बाजू फुटली तरी दुसरी उरते. थांबायला अंतर वाढतं, पण थांबता येतं.

सिलिंडर निवडताना बोअर बघा. पाऊण इंचाच्या जागी एक इंची बोअर घातला तर तेवढ्याच पायाच्या जोरात दाब ४४ टक्क्यांनी कमी होतो. पेडल छान टणक लागतं आणि गाडी थांबत नाही. नवखा माणूस टणक पेडलवर खूश होतो, ही या कामातली सगळ्यात मोठी फसगत. उलट बोअर लहान घेतला तर दाब मिळतो, पण पुरेसं द्रव ढकललं जात नाही आणि पेडल फ्लोअरला टेकतं. म्हणून नुसते ड्रम ठेवणार असाल तर मूळ मापाच्या जवळचा बोअर घ्या. पुढे डिस्क लावायचीच आहे, तर मोठा बोअर आणि त्याच्याबरोबर बूस्टर.

विलीस पद्धतीत मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, फ्लोअरच्या खाली असतो. चिखल, पाणी, शेण, सगळं तिथे. झाकण उघडायलाच फ्लोअरची प्लेट काढावी लागते, म्हणून वर्षानुवर्षं कुणी पातळी बघत नाही. शक्य असेल तर टाक्या वेगळ्या करून होजने वर, बॉनेटखाली आणा. काम छोटं आहे, पण रोज डोळ्यांसमोर राहतं.

पाइप बदलायचेच असतील तर सगळे बदला. स्टीलचा किंवा कॉपर-निकेलचा ब्रेक पाइप घ्या. फ्रिजवाल्याकडचा साधा तांब्याचा पाइप वाकवायला सोपा असतो, म्हणून गॅरेजवाले तो लावतात. तो हादऱ्यांनी कडक होऊन तडकतो. टोकाला डबल फ्लेअर (दुहेरी दुमडून पसरवलेलं तोंड) हवा. कापून मध्ये कॉम्प्रेशन जॉइंट टाकणं ब्रेकमध्ये चालत नाही. नट सोडवायला फ्लेअर नटचा पाना वापरा, साध्या पान्याने नट गोल होतात आणि मग दिवस वाया जातो.

पायरी तिसरी: बूस्टर

बूस्टर व्हॅक्यूमवर चालतो. पेट्रोल इंजिनात मॅनिफोल्डमधून (हवा आत नेणाऱ्या नळीतून) तो व्हॅक्यूम मिळतो. डिझेलमध्ये थ्रॉटल (ती हवा अडवणारी झडप) नसतो, त्यामुळे तिथे व्हॅक्यूमही नाही. म्हणून डिझेल जीपला व्हॅक्यूम पंप लागतो, आणि तो बहुधा अल्टरनेटरच्या मागे जोडलेला असतो. असा अल्टरनेटर बाजारात सहज मिळतो, पण त्या पंपाला इंजिनमधून ऑईलची लाइन द्यावी लागते आणि ऑईल परत इंजिनच्या संपमध्ये (खालच्या ऑईलच्या टाकीत) सोडावं लागतं. ही गोष्ट विसरून पंप सुका चालवला की तो काही दिवसांत जातो.

बूस्टर कुठे बसवायचा? फ्लोअरमधून वर येणारं पेडल असेल तर दोन वाटा आहेत: चासीला ब्रॅकेट लावून फ्लोअरखाली, किंवा पेडल बदलून लटकतं करायचं आणि बूस्टर फायरवॉलवर. पहिली वाट स्वस्त. पण प्रत्येक वेळी पेडल दाबलं की बूस्टर पेडलच्या बाजूने बाहेरची हवा आत ओढतो, आणि फ्लोअरखाली असताना ओढा ओलांडला तर हवेऐवजी पाणी ओढतो. ऑफ-रोड चालवणार असाल तर जास्त खर्च झाला तरी फायरवॉलच.

व्हॅक्यूमच्या लाइनमध्ये नॉन-रिटर्न (एकाच दिशेने हवा जाऊ देणारा) व्हॉल्व्ह हवाच. चढावर इंजिन बंद पडलं की बूस्टरमध्ये साठलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीन ब्रेक मिळतात, त्यानंतर पाय दगडावर ठेवल्यासारखा वाटतो. तपासणी सोपी आहे: इंजिन बंद ठेवून पाच-सहा वेळा पेडल मारा, दाबून धरा, मग सुरू करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं तर बूस्टर काम करतोय.

पायरी चौथी: पुढे डिस्क

इथवर आल्यावर मी महिनाभर गाडी तशीच चालवली आणि डिस्क खरंच हवी का हा प्रश्न स्वतःला विचारला. फक्त शेतावर आणि गावात चालवणाऱ्याला नकोही. मला हवी होती, कारण घाट आणि पाणी.

दीड टनाची गाडी ६०० मीटर खाली उतरते तेव्हा जी ऊर्जा कुठेतरी जावी लागते ती सुमारे ८८ लाख ज्यूल, म्हणजे पंचवीसेक लिटर थंड पाण्याला उकळी आणायला पुरेशी. इंजिनने काही खाल्ली नाही तर ती सगळी ड्रममध्ये कोंडते. डिस्क उघडी असल्याने उष्णता टाकते, पाणीही पटकन झटकते. ड्रममध्ये ओढ्याचं पाणी आणि गाळ आत बसून राहतो.

मात्र डिस्क म्हणजे कमी पाय लावावा लागणार ही समजूत खोटी आहे. ड्रममध्ये पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच आत खेचला जातो आणि पकड वाढवतो. डिस्कमध्ये हे घडत नाही, तिला जास्त दाब लागतो. बूस्टर आधी सांगितला तो म्हणूनच. बूस्टरशिवाय डिस्क लावलेली जीप मी चालवलीय, दोन्ही पायांनी ब्रेक मारावासा वाटतो.

बोलेरोचे कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडने चिमटणारा भाग) आणि डिस्क मिळायला सोपे, म्हणून बहुतेक जण ते घेतात. पण बोलेरोचं पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे, आपल्या जीपला सरळ ॲक्सल. नकल (ॲक्सलच्या टोकाचा, चाक वळवणारा भाग) तसाच्या तसा बसत नाही, मध्ये ब्रॅकेट लागतो. या ब्रॅकेटवर सगळा भार येतो. मला एका ठिकाणी गॅसने कापलेला, भोकं वाकडी असलेला तुकडा दाखवला होता, मी तो तिथेच ठेवून आलो. किमान १० मिलिमीटर जाड प्लेट, मशिनवर पाडलेली भोकं, ८.८ किंवा १०.९ ग्रेडचे बोल्ट. ओतीव नकलवर वेल्डिंग अजिबात नको. पुण्याच्या नाना पेठेत किंवा कुर्ल्याला जुने भाग बघायला जाल तर डिस्कवर कोरलेली किमान जाडी आणि प्रत्यक्षातली जाडी व्हर्नियरने मोजून घ्या.

बसवल्यावर चाक लावून हाताने फिरवा, कारण जुन्या रिमला कॅलिपर घासतो. स्टिअरिंग दोन्ही टोकांना नेऊन आणि ॲक्सल पूर्ण लोंबकळता सोडून होज ताणला जातोय का, टायरला लागतोय का बघा. होजच्या बोल्टखालचे तांब्याचे वॉशर दरवेळी नवे.

आता दोन बारीक गोष्टी, ज्या न कळल्याने चांगलं काम वाया जातं. ड्रमच्या लाइनमध्ये थोडा दाब कायम धरून ठेवणारा एक व्हॉल्व्ह असतो, साधारण १० पीएसआयचा (पीएसआय हे दाबाचं एकक), बऱ्याचदा मास्टर सिलिंडरच्या आतच. डिस्कच्या लाइनमध्ये तो राहिला तर पॅड सतत घासत राहतात, म्हणून पुढच्या बाजूचा काढायचा. पण मास्टर सिलिंडर फ्लोअरखाली, कॅलिपरपेक्षा खाली असेल तर द्रव मागे ओघळतं आणि पहिलं पेडल रिकामं जातं. तिथे २ पीएसआयचा वेगळा व्हॉल्व्ह घालतात. दुसरी गोष्ट मागच्या चाकांची: पुढे डिस्क आली की मागचे ड्रम तुलनेने जास्त पकडतात, ब्रेक मारताना वजन पुढे गेलेलं असतं, आणि मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरते. त्यासाठी मागच्या लाइनमध्ये हाताने फिरवता येणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागचा दाब कमी करणारा) टाका.

हवा काढणं

मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. निपलला (लाइनमधली हवा सोडायच्या छोट्या तोटीला) पारदर्शक नळी लावा, दुसरं टोक द्रवात बुडवा. एकाने पेडल सावकाश दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल सोडायचा, आधी तो घट्ट करायचा आणि मगच "सोड" म्हणायचं. टाकी मध्येच रिकामी झाली की पहिल्यापासून सगळं.

हवा काही केल्या निघत नसेल तर कॅलिपरकडे बघा. निपल वरच्या टोकाला असायला हवा. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला की निपल खाली येतो, हवा वर अडकते, आणि माणूस दोन लिटर द्रव संपवतो. रंगावर सांडलेलं द्रव लगेच पाण्याने धुवा, रंग उचकटतो.

रस्त्यावर नेण्याआधी

पेडल मिनिटभर जोरात दाबून धरा. हळूहळू खाली सरकलं तर कुठेतरी गळती आहे. मग मोकळ्या सपाट मैदानात २०-३० च्या वेगाने ब्रेक मारा आणि बाहेर उभ्या माणसाला विचारा की कुठली चाकं आधी लॉक झाली. उत्तर "पुढची" येईपर्यंत प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह फिरवत राहा. नंतर रिकाम्या रस्त्यावर ५० वरून १५ पर्यंत आठ-दहा वेळा वेग उतरवा, मध्ये ब्रेक गार होऊ द्या. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभं राहू नका, पॅडचा ठसा डिस्कवर बसतो.

३१ इंची टायर घातले असतील तर मूळ ६.००-१६ टायरच्या मानाने त्याच वेगाला थांबायला चाकावर दहा टक्क्यांच्या आसपास जास्त जोर लागतो, हे चाचणीत धरा.

कागदपत्रांचं: मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही. काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा, सगळी बिलं जपा. पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणी नूतनीकरणाला गाडी दाखवावी लागते, तेव्हा ती लागतील.

आणि घाटात ब्रेक बिघडला तर दोन प्रकार ओळखा. पेडल टणक पण गाडी थांबत नाही, तेव्हा लायनर तापलाय. पेडल मऊ होऊन खाली जातंय, तेव्हा द्रव उकळलंय. पहिल्यात थांबून गार होऊ दिलं की काम भागतं. दुसऱ्यात गार झाल्यावर पेडल परत येईल, पण पुढच्या उताराआधी द्रव बदलूनच निघा. मी बदलल्याची तारीख रंगाच्या पेनने टाकीच्या झाकणावर लिहितो, सध्या तिथे ऑक्टोबर आहे.